ओळ कुठे संपते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बारामतीजवळच्या पिंपळी गावातल्या एका शिक्षक मित्राकडे गेलो होतो. आपल्या वर्गातल्या चाळीस मुलांची माहिती त्यांनी चार-पाच संध्याकाळी बसून संगणकात भरली होती. एका मुलासाठी एक ओळ. आधी मुलाचे पूर्ण नाव, मग आईचे नाव, मागची शाळा, गाव आणि सर्वांत शेवटी जन्मतारीख. ओळी लांब होत्या. संगणकाच्या साध्या काळ्या पडद्यावर, जिथे चित्रे नसतात आणि आज्ञा टाइप करूनच कामे करायची असतात तिथे, त्या नीट मावत नव्हत्या.

मी म्हटले, "थांबा, पडद्यात बसवून देतो." लांब ओळींची घडी घालण्याची एक तयार आज्ञा असते, ती दिली. सगळी यादी छान पडद्यात बसली. तीच मी जुन्या फाईलच्या जागी साठवून टाकली. मग मित्राने यादी नावांच्या क्रमाने लावण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर भलतेच काही आले. सुरुवातीला नुसत्या जन्मतारखा, एकीखाली एक. पुढे नावे, त्यांच्यामध्येच कुठेतरी "पिंपळी" आणि एक तारीख, कुठे नुसते शाळेचे नाव. मित्र माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, या तारखा कुणाच्या?"

उत्तर कोणाकडेच नव्हते. घडी घालताना प्रत्येक लांब ओळीचा शेपटाचा भाग खालच्या ओळीवर गेला होता. क्रम लावणाऱ्या आज्ञेला मुले कळत नाहीत, ओळी कळतात. तिने नावे एकीकडे आणि तारखा दुसरीकडे नेल्या. मूळ फाईलची दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेचे जनरल रजिस्टर समोर घेऊन सगळ्या तारखा पुन्हा भराव्या लागल्या. जन्मतारखेतली एक चूक मुलाच्या मागे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत आणि त्याच्याही पुढे कशी लागते, हे शिक्षकांना सांगायला नको.

चूक माझी होती. अडचण पडद्याची होती आणि मी ती मजकुरावर लादली. ही चूक नेमकी काय आहे हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

सरी आणि बांध

पिंपळीचा परिसर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा, उसाचा. उसाच्या शेतात सरी बांधापर्यंत जाते आणि तिथे थांबते. ऊस संपला म्हणून ती थांबत नाही, शेत संपले म्हणून थांबते. तेवढाच ऊस अरुंद शेतात लावला तर सऱ्या आखूड होतील आणि संख्येने वाढतील. लागण तीच राहील.

लिहिलेल्या मजकुराचेही असेच आहे. ‘ओळ’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक मजकुराची ओळ : कवितेचा चरण, यादीतली एका मुलाची नोंद, गणिताची एक पायरी. ती कुठे संपते हे अर्थ ठरवतो. दुसरी पानाची किंवा पडद्याची ओळ. ती कुठे संपते हे जागा ठरवते. दोन्हींची लांबी सारखी असते तोवर काही अडत नाही. मजकुराची ओळ पडद्याच्या ओळीपेक्षा लांब झाली की तीनच मार्ग उरतात.

पहिला, ओळ वळवायची : उरलेला भाग फक्त दाखवताना खाली आणायचा, मजकुराला हात लावायचा नाही. दुसरा, ओळ झाकायची : पडद्याबाहेरचा भाग दाखवायचाच नाही, हवा तेव्हा मजकूर आडवा सरकवून पाहायचा. तिसरा, ओळ तोडायची : मजकुरातच नवी ओळ घालायची. पहिले दोन मार्ग केवळ पाहण्याचे आहेत आणि कधीही मागे घेता येतात. तिसरा मजकूर बदलतो. मी त्या दिवशी वळवायचे किंवा झाकायचे सोडून तोडले होते.

हे तिन्ही मार्ग आपल्या परिचयाचेच आहेत. हजेरीपत्रकातली किंवा जनरल रजिस्टरातली एका मुलाची नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर आडवी जाते, तेव्हा आपण डावीकडून उजवीकडे नजर सरकवतो. नजर घसरून वरच्या-खालच्या मुलावर जाऊ नये म्हणून उजव्या पानावर अनुक्रमांक पुन्हा लिहितो किंवा पट्टी धरतो. संगणकाला हेच शिकायला बरीच वर्षे लागली.

मोरोपंतांच्या गावात

हा प्रश्न काही संगणकाने जन्माला घातलेला नाही. पिंपळीपासून जवळच, कऱ्हाकाठच्या बारामतीत मोरोपंत राहत होते. मोरोपंत रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्याला झाला. पुढे बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते इथे राहिले आणि १७९४ मध्ये बारामतीतच वारले. त्यांची पुष्कळशी रचना ‘आर्या’ म्हणून ओळखली जाते. वृत्तशास्त्राच्या हिशेबाने तिच्यातला बराच भाग ‘गीति’ या प्रकारात बसतो. गीतीच्या पहिल्या अर्धात ३० मात्रा आणि दुसऱ्या अर्धातही ३०. काटेकोर आर्येत दुसरा अर्ध २७ मात्रांचा असतो.

म्हणजे कवीची ओळ ३० मात्रांची. पण पोथीचे पान मात्रा मोजत नाही. त्या काळच्या पोथ्या म्हणजे सुटी, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी अशी पाने. दोन्ही बाजूंना समास सोडलेला, पुष्कळदा रेघांनी आखलेला. लेखनिक डाव्या समासापासून लिहीत निघे आणि उजवा समास आला की खाली येई. चरण संपलेला असो वा नसो, शब्द अर्धा राहो, त्याला फरक पडत नसे. मग वाचणाऱ्याला अर्ध कुठे संपला हे कसे कळायचे? त्यासाठी मजकुरातच खूण असे : अर्धाच्या शेवटी एक दंड, श्लोकाच्या शेवटी दोन दंड आणि श्लोकाचा अंक.

या व्यवस्थेतली खुबी लक्षात घ्या. पुढच्या नकलाकाराजवळचे पान लहान असले, तर त्याची ओळ वेगळ्या ठिकाणी वळे. दंड मात्र त्याच अक्षरानंतर येई. पानाची ओळ प्रत्येक प्रतीत बदले, मजकुराची ओळ बदलत नसे. आणि एखाद्याने दंड गाळलाच, तर म्हणणारा मात्रा मोजून तो कुठे हवा हे सांगू शके.

लेखनिकाचा आणखी एक नियम होता. शब्द कुठेही तुटला तरी चाले, पण अक्षर फोडायचे नाही. ‘क्ष’ लिहायला जागा नसेल तर अख्खा ‘क्ष’ खाली जाई. वर उरलेली जागा कधी कधी एखाद्या बारीक रेघेने भरून काढलेली दिसते. ती रेघ म्हणजे दंड नव्हे. "इथे मजकूर नाही, नुसती जागा आहे" एवढेच ती सांगते.

मोडी पत्रे आणखी सलग. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायचे. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. ओळ पानाच्या कडेला संपली म्हणजे वाक्य संपले, असे समजणारा वाचक पहिल्याच पत्रात फसेल. परंतु पत्र कुठे संपले हे कळणे राज्यकारभारात फार महत्त्वाचे होते, कारण खाली उरलेल्या कोऱ्या जागेत कोणीही दोन शब्द वाढवू शकले असते. म्हणून शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उमटवत. लेखनाची मर्यादा इथे आहे, असा तिचा अर्थ. कागद कुठे संपतो याच्याशी तिचा संबंध नव्हता. मजकुराचा शेवट मजकुरानेच सांगायचा, कडेवर सोडायचा नाही, ही समज आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांना होती.

यंत्राची घंटा

टंकलेखन यंत्र वापरलेल्यांना आठवेल, उजवा समास जवळ आला की घंटी वाजे. मग टंकलेखक चालू शब्द संपवी किंवा योग्य ठिकाणी तोडी, आणि दांडी ओढून गाडा डावीकडे नेई. दांडीच्या एका ओढीत दोन कामे होत. गाडा सुरुवातीला जाई आणि कागद एक ओळ वर सरके. ओळ कुठे तोडायची हा निर्णय मात्र माणसाचा होता.

दूरमुद्रकांत ही दोन कामे वेगळी झाली. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरलेल्या ‘ॲस्की’ संकेतावलीत गाडा मागे नेण्यासाठी १३ हा अंक आणि कागद वर सरकवण्यासाठी १० हा अंक दिलेला आहे. त्याच सुमाराचा ‘टेलिटाइप ३३’ हा दूरमुद्रक एका ओळीत ७२ अक्षरे आणि सेकंदाला १० अक्षरे छापी. गाडा पूर्ण मागे यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागे. म्हणून आधी १३ आणि मग १० पाठवत, म्हणजे कागद सरकेपर्यंत गाडा पोचलेला असे. कोणी हे अंक पाठवायला विसरले, आणि आपोआप खाली येण्याची सोय यंत्राला बसवलेली नसली, तर गाडा उजव्या टोकाला अडून राही आणि पुढची सगळी अक्षरे शेवटच्या घरात एकावर एक छापली जात. लांब ओळीचे शेपूट म्हणजे एक काळा ठिपका.

दूरमुद्रक गेले, पण १३ आणि १० राहिले. युनिक्स या प्रणालीने ओळीच्या शेवटी फक्त १० ठेवला, डॉसने १३ आणि १० दोन्ही ठेवले, जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३. त्यामुळे एका संगणकावरची फाईल दुसरीकडे नेली की कधी कधी सगळा मजकूर एकच अवाढव्य ओळ होऊन जाई. विंडोजमधल्या साध्या नोटपॅडला युनिक्सच्या फाईली नीट दाखवता येऊ लागल्या त्या २०१८ मध्ये!

दुसरा वारसा कार्डांचा. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे छिद्रित कार्ड आणले. एक कार्ड म्हणजे एक ओळ, आणि ओळ म्हणजे जास्तीत जास्त ८० अक्षरे. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रॅन भाषेत आज्ञा सातव्या ते बहात्तराव्या स्तंभात लिहायची असे. शेवटचे आठ स्तंभ कार्डाच्या अनुक्रमांकासाठी, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा. यंत्र ते आठ स्तंभ वाचतच नसे. समजा, आज्ञेच्या शेवटी १२५ ही संख्या आहे आणि तिच्यातला ५ त्र्याहत्तराव्या स्तंभात गेला. यंत्र ती संख्या १२ समजे आणि कसलीही तक्रार न करता गणित पूर्ण करी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक बसला. तो वापरणाऱ्या पिढीला हा बहात्तरावा स्तंभ तोंडपाठ होता.

या भाषेत एक चांगली सोयही होती. आज्ञा लांब असेल तर ती पुढच्या कार्डावर न्यायची आणि त्या कार्डाच्या सहाव्या स्तंभात खूण करायची. "ही नवी आज्ञा नाही, मागचीच पुढे चालू आहे" असे ती खूण सांगे. दंडाचे काम उलट बाजूने केले म्हणा ना. दंड सांगतो की इथे संपले. सहावा स्तंभ सांगतो की इथे संपलेले नाही.

पडदा आणि खुणा

कार्डे गेली, पण ८० हा आकडा पडद्यावर येऊन बसला. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आणलेल्या ‘व्हीटी १००’ या टर्मिनलवर ८० स्तंभांच्या २४ ओळी दिसत. १९८१ च्या आयबीएम पीसीवर २५. व्हीटी १०० मध्ये ओळ आपोआप वळवावी की नाही हे ठरवता येई. वळवायची नाही असे ठरवले, तर जास्तीची अक्षरे शेवटच्या घरात एकावर एक पडत. टेलिटाइपचाच वारसा, फक्त शाईशिवाय.

वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या प्रणाली याच पडद्यांसाठी घडल्या. केन थॉम्सन यांची ‘ईडी’ ही युनिक्सची पहिली संपादन प्रणाली दूरमुद्रकासाठी होती. तिच्यात सगळा व्यवहार ओळींच्या क्रमांकांनी चाले. बर्कली इथे बिल जॉय यांनी १९७६ पासून ‘व्हीआय’ घडवली. ती पूर्ण पडदा वापरी आणि लांब ओळ वळवून दाखवी. वळवलेली ओळ पडद्याच्या तळाशी पूर्ण मावत नसेल, तर ती अर्धी न दाखवता तिथे ॲटची खूण ठेवी. १९७८ मध्ये डॅनियल हॅल्बर्ट यांनी एकेक पडदा मजकूर दाखवणारी ‘मोअर’ लिहिली. पुढे १९८० च्या दशकात मार्क नुडेलमन यांनी ‘लेस’ लिहिली आणि ती आजही वापरात आहे. ‘लेस’ लांब ओळ वळवते. तिला उणे चिन्ह आणि मोठा ‘एस’ एवढे सांगितले की वळवणे थांबते, ओळ कडेला झाकली जाते, आणि बाणांच्या कळांनी मजकूर आडवा सरकवता येतो. मुलांची यादी, निकालपत्रक अशा रकान्यांच्या मजकुरासाठी हाच मार्ग बरा. त्या दिवशी मी एवढे एक अक्षर टाइप केले असते तर पुढचे काही घडले नसते.

या सगळ्यांत मला महत्त्वाच्या वाटतात त्या खुणा. ‘ईमॅक्स’ ही प्रणाली साध्या टर्मिनलवर ओळ वळवते तेव्हा कडेला तिरकी रेघ काढते, आणि ओळ झाकते तेव्हा डॉलरचे चिन्ह. नव्या ‘लेस’मध्ये झाकलेल्या ओळीच्या टोकाशी बाणासारखे चिन्ह दिसते. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिम’मध्ये वळवायचे की नाही, वळवायचे तर शब्द न तोडता वळवायचे का, आणि वळलेल्या भागाआधी कोणती खूण दाखवायची, हे सगळे आपल्याला सांगता येते. या प्रत्येक खुणेचा अर्थ एकच आहे : बाबा रे, कड आली आहे, मजकूर संपलेला नाही.

लिहिण्याच्या बाजूनेही हाच भेद करावा लागला. १९७८ च्या ‘वर्डस्टार’ने टंकलेखकाची घंटी रद्द केली. समास आला की शब्द आपोआप खाली जाई. पण लिहिणाऱ्याने स्वतः परिच्छेद संपवला तर तो शेवट खरा, आणि यंत्राने ओळ वळवली तर तो तात्पुरता. हे वेगळे ठेवण्यासाठी वर्डस्टार खऱ्या शेवटाला १३ आणि तात्पुरत्या शेवटाला १४१ हा अंक साठवी. १३ मध्ये १२८ मिळवले की १४१. समास बदलला की तात्पुरते शेवट नव्याने मांडता येत, खरे शेवट जागचे हलत नसत.

सगळ्यांनी मात्र हा विवेक पाळला नाही. ईमेलच्या २००१ च्या नियमांत एक ओळ ९९८ चिन्हांहून मोठी असू नये आणि शक्यतो ७८ च्या आत असावी असे होते. पत्रे लिहिण्यासाठी घडलेल्या प्रणालींना लिहितालिहिताच ओळ तोडण्याची सवय होती. पत्रात ते चालून जाई. त्याच प्रणालीत कोणी यादी किंवा आज्ञावली लिहायला घेतली की घोटाळा होई. ‘पिको’ या पत्रलेखनाच्या प्रणालीच्या वळणावर झालेल्या ‘नॅनो’मध्ये ही तोडण्याची सवय २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत मुळातच चालू असे. त्या आवृत्तीपासून, मागितल्याशिवाय तोडायचे नाही, असे ठरले.

आपले अक्षर आणि यंत्राची चौकट

आतापर्यंत एक अक्षर म्हणजे एक घर, असे धरून चाललो. इंग्रजीत ते खपून जाते. मराठीत पहिल्याच शब्दाला अडते.

‘पिंपळी’ हाच शब्द घ्या. वर्गात विचारा, यात अक्षरे किती? मुले सांगतील, तीन : पिं, प, ळी. बरोबर आहे. पण संगणकात हा शब्द प, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, प, ळ, दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांनी साठवला जातो.

या संकेतांचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले. जिस्ट कार्ड पीसीमध्ये बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रणालींत देवनागरी उमटे. अक्षरे जुळवण्याचे काम ते कार्डच करी. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्यात इंग्रजीला १२७ पर्यंतचे अंक ठेवले होते आणि भारतीय लिप्यांना त्यापुढचे. इथे वर्डस्टारचा तो १४१ आठवा. १२८ च्या पुढची जागा एकाने ओळीच्या खुणेसाठी घ्यायची आणि दुसऱ्याने मराठी अक्षरांसाठी, तर दोघांचे जमणार कसे?

त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पुढे १९९२ मध्ये केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड साठवण्याची ‘यूटीएफ-८’ पद्धत बसवली. तिच्यात प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘पिंपळी’ला १८ बाइट. काळ्या पडद्यावर घरे मोजण्याची प्रचलित रीत आणखी निराळी. तिच्यात व्यंजनाला एक घर, काना आणि वेलांट्यांना एक घर, अनुस्वाराला शून्य. म्हणजे पाच घरे. एकाच शब्दाची मापे झाली चार : अक्षरे ३, संकेत ६, घरे ५, बाइट १८. ओळ कुठे वळवायची हे ठरवणाऱ्या प्रणालीने यातले कोणते माप घ्यावे?

चुकीचे माप घेतले तर काय होते ते करून पाहता येते. ‘पिंपळी’ हा शब्द एकेक जागा सोडून दहा वेळा सलग लिहा आणि ८० बाइटांवर घडी घालायला सांगा. घडीची आज्ञा ‘फोल्ड’ नावाची आहे आणि तिला बाइट मोजण्याचा पर्याय देता येतो. एका शब्दाचे जागेसकट १९ बाइट, चार शब्दांचे ७६. पाचव्या शब्दातल्या ‘प’चे तीन मिळून ७९. ऐंशीवा बाइट हा वेलांटीच्या तीन बाइटांपैकी पहिला. तिथे घडी पडते. वर आणि खाली निरर्थक चिन्हे, आणि वेलांटी नाहीशी. पोथीच्या लेखनिकाने हे कधी होऊ दिले नसते.

जोडाक्षरांचे दुखणे याहून जुने. ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांचा. वापरणाऱ्याला एक अक्षर वाटते ते कुठे संपते, याचे नियम युनिकोडने केलेले आहेत. पण त्या सर्वसाधारण नियमांत हलन्तानंतर अक्षर संपले असे धरले जाई, म्हणजे ‘क्’ वेगळा आणि ‘ष’ वेगळा. देवनागरीतली जोडाक्षरे एकसंध धरायचा नियम आला तो २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. अक्षर फोडायचे नाही, हा लेखनिकाच्या हाताला ठाऊक असलेला नियम यंत्राच्या नियमावलीत यायला इतका काळ गेला. दोष कोणा एकाचा नाही. चौकट आधी ठरली आणि आपली लिपी नंतर त्या चौकटीत आली, म्हणून हे झाले.

वर्गासाठी

संगणक नसला तरी हा विषय वर्गात घेता येईल. फळ्यावर एक लांब वाक्य लिहा आणि मुलांना ते निरनिराळ्या रुंदीच्या कागदांवर उतरवायला सांगा. प्रत्येकाची ओळ वेगळ्या ठिकाणी वळेल. मग विचारा, वाक्य किती झाली? उत्तर सगळ्यांचे सारखे येईल, आणि का सारखे आले यावर बोलता येईल. दुसऱ्या दिवशी पाठात असलेली एखादी आर्या सलग, चरण न पाडता लिहून द्या आणि मात्रा मोजून दंड कुठे हवेत ते शोधायला सांगा. भाषेचा आणि गणिताचा तास एकत्र होईल. संगणक असेल तर स्वतःच्या गावाच्या नावाची चारही मापे काढायला लावा.

पिंपळीच्या मित्राने त्या प्रसंगानंतर दोन नियम केले आहेत. पहिला, फाईलला हात लावण्यापूर्वी दुसरी प्रत ठेवायची. दुसरा नियम ते मराठी शिकवतात म्हणून त्यांना सुचला असावा. यादीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी, जन्मतारखेनंतर, ते आता एक उभा दंड देतात. यादी कोणालाही द्यायच्या आधी दोन गोष्टी मोजतात : ओळी किती आणि दंड किती. दोन्ही आकडे मुलांच्या पटाइतके आले, की यादी पाठवतात.